‘गाठ’ लिहू नका

बाई, तुमच्या शोकसभेत मला बोलू दिलं नाही.

शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. माझी पाळी आली तेव्हा अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. त्यांना वाटलं, हा इथेही पत्रक घेऊन आलाय. कागद कोरा होता, बाई. हातात कागद असला की मला सभेत उभं राहता येतं, एवढ्यासाठीच घेतला होता.

बाकीचे बोलले. कुणी तुम्हाला डॉक्टर नव्हे, देवमाणूस म्हटलं, कुणी सेवेची मूर्ती. एका पुढाऱ्याने ‘भिवंडीची माउली’ म्हटलं आणि तुमचं मुरडलेलं नाक मला स्पष्ट दिसलं. मग दोन मिनिटं सगळे उभे राहिले. भिंतीपलीकडच्या कापड कारखान्यातले लूम चालूच होते. खटाखट, खटाखट. मागून कुणीतरी कुजबुजलं, “जरा बंद करायला सांगा ना त्यांना.” कोण सांगणार? शिफ्ट चालू होती. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “चालू द्या. माझ्यापायी कशाला कुणाचा धागा तोडता?”

आणि एकूणएक वक्त्याने सांगितलं की तुमचं हृदय बंद पडलं.

हृदय बंद पडल्याशिवाय आजवर मेलंय कोण? कशाने बंद पडलं, ते बोला की! ते कुणीच बोललं नाही. मी तेच बोललो असतो, हे अध्यक्षांनी बरोबर ओळखलं होतं. म्हणून आता इथे, या कागदावर, बोलतो. इथे मला कोण खाली बसवतो ते बघू.

आपली पहिली भेट आठवते? भेट कसली, वरात होती. मी हॉस्पिटलच्या कंपाउंडला पत्रक चिकटवत होतो. ‘दवाखाना की पूखाना?’ सुताला खळ देतात त्या सायझिंग कारखान्यातून मागून आणलेली खळ, डबाभर. अर्धी भिंत झाली होती एवढ्यात तुमच्या वॉर्डबॉयने माझी कॉलर धरली आणि मला तुमच्यापुढे उभं केलं. तुमच्या हातात पत्रक, ओलं, खळ निथळतेय आणि तुमच्या टेबलावर पडतेय.

“हे तू लिहिलंस?”

“आम्ही. संघटनेने.”

“संघटनेला हात असतात का? शाई तुझ्या नखांत आहे.” मग तुम्ही चष्मा वर केलात आणि मोठ्याने वाचलंत. “‘राहनाळच्या गणपत भोईर या कामगाराच्या गाठीचं ऑपरेशन केलं आणि जखमेत पू करून त्याला घरी हाकललं.’ कुठली गाठ?”

“गाठ म्हणजे गाठ, बाई.”

“सुताची, कापडाची की लग्नाची?”

कोपऱ्यात उभ्या असलेल्या मथुरा सिस्टर तोंड फिरवून हसल्या. मी तापलो. मी काय पाठ म्हणायला आलो होतो? गणपतदादा माझा मावसभाऊ. राहनाळच्या गोडाऊनमध्ये कापडाच्या गाठी पाठीवर वाहून वाहून त्याच्या जांघेत फुगवटा आला. तो तुमच्याकडे कापून शिवला. शिवलेल्या जागी पू झाला, टाके उसवले, दादा घरी पडून राहिला आणि गोडाऊनवाल्याने दुसरा माणूस लावला. मी हॉस्पिटलच्या कचेरीत जाब विचारायला गेलो तर व्यवस्थापकांनी रजिस्टरमधलं वाचून दाखवलं: ‘गाठ काढली.’ आणि म्हणाले, “गाठीत पू असायचाच. तो तुमच्या भावाने घरून आणला होता. आमचा काय दोष?” झालं. एका शब्दात हॉस्पिटल धुतल्या तांदळासारखं आणि माझा भाऊ घाणेरडा.

हे सगळं मी तुम्हाला ओरडून सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग व्यवस्थापकांना बोलावलंत आणि त्यांच्यासमोर म्हणालात, “तो अंतर्गळ होता, हर्निया. मी केलाय. आत पू नव्हता. पू नंतर झाला आणि आपल्याकडे झाला.”

मी भांडायला आलो होतो आणि तुम्ही माझं भांडणच हातातून काढून घेतलंत. असं बोलणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. अजूनही दुसरा पाहिलेला नाही.

पण माझा आनंद तुम्ही फार वेळ टिकू दिला नाहीत. “आता तुझं पत्रक,” म्हणालात. “फुकट आहे.”

“का?”

“पिकलेलं गळू फोडलं, ती गाठ. चरबीची काढली, ती गाठ. अंतर्गळ शिवला, तीही गाठ. सगळ्यांची एक मोळी बांधलीस आणि बोंबलतोस, बघा किती पू! अरे, गळू फोडल्यावर पू निघणारच. त्यासाठीच फोडतात. तुला विचारायचंय ते हे, की ज्या पोटात पू नव्हता त्यात तो आम्ही कापल्यावर कसा आला? ते विचार. पण विचारायला आधी काय कापलं ते तरी सांगता यायला हवं. आमच्या रजिस्टरला ते सांगता येत नाही आणि तू आमच्याच रजिस्टरचा शब्द उचललास.”

त्या दिवशी तुमच्या टेबलावर परदेशातून आलेलं ते जाडजूड बाड मी पहिल्यांदा पाहिलं. वेगवेगळ्या देशांतल्या डॉक्टरांनी पत्रापत्री करून जगातल्या प्रत्येक ऑपरेशनला एकेक आकडा द्यायचा घाट घातला होता आणि त्यांचा मसुदा तुमच्याकडे तपासायला आला होता. भाषा कुठलीही असो, एका ऑपरेशनला एकच आकडा. म्हणजे कुठल्या देशात कुठल्या ऑपरेशननंतर जखमा किती पिकतात हे शेजारी शेजारी ठेवून बघता येईल. तुम्ही हे मोठ्या उत्साहाने सांगत होतात आणि माझं डोकं फिरत होतं.

“म्हणजे कारखान्यात बिल्ला आणि इथे पोटावर नंबर? माणसाला नंबर देता, बाई?”

“नंबर माणसाला नाही रे, पत्रकवाल्या. नंबर आमच्या सुरीला.”

त्यावर वाद घालायला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा आलो. मग येतच राहिलो.

तुम्ही मला शिकवलंत असं कुणी म्हटलं तर मी आजही वाद घालीन. तुम्ही मला कामाला लावलंत. रंगाचा डबा घेऊन ये म्हणालात. संपाच्या फलकांतून उरलेला लाल रंग मी आणला. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खोलीत, जिथे मथुरा सिस्टर रजिस्टर लिहितात, त्या टेबलावर पाटी लावायची होती. तुम्ही मजकूर सांगितलात आणि मी रंगवली: ‘“गाठ” लिहू नका. काय कापलं, कुठे कापलं, आधी पू होता की नव्हता, ते लिहा.’ मी शेवटी उद्गारचिन्ह टाकलं. तुम्ही ते पुसायला लावलंत. “हा मोर्चा नाही.” मी पुसलं, पण लाल रंगाचा डाग राहिलाच. अजून आहे.

गणपतदादाला मी ही सगळी आकड्यांची भानगड समजावून सांगितली. तो खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, “म्हंजे मना नंबर भेटला?”

“तुला नाही रे, तुझ्या ऑपरेशनला.”

“भेटला ना? रेशन कारडापरीस लवकर भेटला!”

तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावायला लागले.

आणि कोन गावातला तो दिवस. पू हॉस्पिटलात दिसत नाही, माणूस घरी गेल्यावर दिसतो, म्हणून तुम्ही घरोघर जाऊन जखमा बघायचं ठरवलंत आणि बायका तुमच्याशी बोलतील, पुरुषांशी तू बोल, म्हणून मला नेलंत. एका अंगणात एक बाई तांदूळ पाखडत बसली होती. तुम्ही विचारलंत, “ऑपरेशन झालंय का गं तुझं?”

“न्हाय बा!” ती दचकलीच. “मना दोनच पोरा हायत.”

आतून तिची सासू ओरडली, “अजून एक होऊ दे, मंग बघू! सरकारला सांगा, घाई करू नको!”

आणि पदर सरकला तर तुमच्याच हातच्या टाक्यांचा वण बेंबीशेजारी. तुम्हीच तिचा फुगवटा शिवला होतात! पण ते तिच्या लेखी ऑपरेशन नव्हतंच. ‘ऑपरेशन’ म्हणजे मुलं बंद करण्याचं, दुसरं ऑपरेशन जगात नाही. तुम्ही ओट्यावर बसून हसलात आणि सासूच्या हातचा चहा प्यायलात. मग परतीच्या रस्त्यात म्हणालात, “बघ. गावात ‘ऑपरेशन’ म्हणजे एकच. हॉस्पिटलात ‘गाठ’ म्हणजे सगळं. एकाला शब्द अपुरा, दुसऱ्याला शब्द ढगळ. आणि मध्ये हिची जखम.”

ते वाक्य मी पत्रकात घालणार होतो. घातलं नाही. आमच्या पत्रकाला ते मऊ पडलं असतं. आज वाटतं, घालायला हवं होतं.

पुढे नसबंदीच्या शिबिरांचा काळ आला. ट्रकमधून माणसं आणून शाळेच्या वर्गात आडवी करायचे. बाकांवर टेबलक्लॉथ घालून कापायचे. त्या जखमांचा पू कुणी मोजू नये असा वरून तोंडी निरोप होता. तोंडीच; असले निरोप कागदावर कुठे येतात? तुम्ही मोजला. प्रत्येक जखमेपुढे आकडा आणि आकड्यापुढे पू. वरच्या साहेबांनी विचारलं, “बाई, शिबिरातली ऑपरेशनं कशाला या यादीत?” तुम्ही म्हणालात, “सुरी लागली ना? मग यादीत.” त्या वेळी पत्रक काढलं तर आम्हाला आत टाकत होते. तुम्हाला आत टाकायचं कुणाला सुचलं नाही, कारण तुमच्या पत्रकात नुसते आकडे होते. ते आमच्या पत्रकांपेक्षा जहाल होते हे त्या शहाण्यांना कळलंच नाही.

हे झालं तुमचं कौतुक. आता भांडण.

पहिलं भांडण त्या बाडाशी होतं आणि त्यात आपण दोघे एका बाजूला होतो. मी चाळलं. हृदयाच्या ऑपरेशनांना पानंच्या पानं. मेंदूला पानंच्या पानं. आणि पायात काटा मोडून पिकलेली टाच? लुमात सापडून चिरडलेलं बोट? त्यांना ‘इतर’. मी म्हटलं, “बाई, यादी त्यांच्या आजारांची आणि जखमा आमच्या!” तुम्ही पेन उचललंत. “हे वाक्य उसनं घेते,” म्हणालात आणि तुमच्या पत्रात ते इंग्रजीत उतरवलंत. एका थंड देशातल्या डॉक्टरचं उत्तर आलं. त्याच्याकडे काटा रुतलेला पेशंट आलाच नव्हता. वर त्याने विचारलं होतं, टाके घालण्याला तुम्ही ऑपरेशन धरता का? आम्ही धरत नाही. दुसऱ्या एका देशातला लिहीत होता, आम्ही धरतो. तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. “एक वाराने मोजतोय, दुसरा मीटरने आणि दोघे मला विचारतायत कापड कुणाचं जास्त.” तरी पुन्हा लिहिलंत. पुन्हा काटा, पुन्हा बोट. त्या शेवटच्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. येईल तेव्हा ते कुणाच्या नावाने फोडायचं?

दुसरं भांडण तुमच्याशी. ते मिटलेलं नाही आणि तुम्ही गेलात म्हणून मी ते मिटवणार नाही.

थिएटरमधली हत्यारं ज्या यंत्रात वाफेने निर्जंतुक करतात त्याच्या झाकणाचं रबर विरलं होतं. वाफ बाजूने फुसफुसत होती. दुपारी गावातले सगळे लूम चालू असले की हॉस्पिटलचे दिवे पिवळे पडायचे आणि त्या यंत्राचा काटा हवा तिथवर चढायचाच नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलं. तुम्हीही पाहिलंत. नगरपालिकेकडे नव्या यंत्राचा अर्ज पडून होता. मी म्हटलं, चला, मोर्चा काढतो. लूमचे कामगार आणतो, कोनच्या बायका आणतो, गणपतदादाला पुढे घालतो.

तुम्ही म्हणालात, “कारण तेच आहे हे कशावरून?”

“मग दुसरं काय?”

“पाणी असेल. कपडे असतील. आमचे हात असतील. माझेच असतील. आत्ता मोर्चा काढलास तर ते काय म्हणतील ठाऊक आहे? भिवंडीचे लोकच घाणेरडे, दहा जण एका खोलीत झोपतात, जखमा पिकणारच. त्याला तुझ्याकडे उत्तर नाही. बाहेरचे आकडे येऊ दे. याच ऑपरेशनला दुसरीकडे, असल्याच गरिबांत, किती पू होतो ते शेजारी ठेवू. मग बघते कोण घाणेरडा म्हणतो ते. दिवाळीपर्यंत थांब.”

“पू थांबतो का, बाई, दिवाळीपर्यंत?”

तुम्ही टेबलावरचे कागद सारखे केलेत. आणि मी थांबलो. पत्रक तयार होतं, सायक्लोस्टाइलला लावायचं बाकी होतं. तुम्ही म्हणालात म्हणून थांबलो. दुसऱ्या कुणासाठी थांबलो नसतो.

आणि दिवाळीच्या आधी तुम्हीच ऑपरेशनच्या त्या टेबलावर आडव्या झालात.

अंगावर जात होतं ते तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतंत. चेहरा पांढराफटक पडला तेव्हा मथुरा सिस्टरनी धरून बसवलं. गर्भपिशवीत मोठी वाढ झाली होती, पिशवी काढावी लागणार होती. सगळे म्हणाले मुंबईला चला. तुमच्याच कॉलेजातले लोक तिथे मोठमोठ्या जागांवर आहेत. तुम्ही नाही म्हणालात. माझ्या हाताखालच्या छोट्या डॉक्टरांनी इथेच करायचं, म्हणालात, त्यांना मी शिकवलंय.

ऑपरेशननंतर ताप चढला आणि मी भेटायला आलो. खोलीत तो वास होता. गणपतदादाच्या खाटेपाशी यायचा तो. मी दारातच ओळखला. तुम्हीही ओळखला होतात, दुसरं कोण ओळखणार?

मी सरळ भांडायलाच सुरुवात केली. “मुंबईला का गेला नाहीत?”

“मुंबईत पू होत नाही असं कोण म्हणालं? तिथला आकडा दाखव.”

“आकडा गेला चुलीत! तुम्हाला माहीत होतं त्या यंत्राचं काय झालंय!”

“माझ्या पेशंटना जे टेबल चालतं ते मला चालेल.”

बाई, हे शोकसभेत टाळ्या घेणारं वाक्य आहे. मला ते तेव्हा आवडलं नाही, आजही आवडत नाही. पेशंटना ते टेबल चालत नव्हतंच, बाई. त्यांना दुसरं नव्हतं. तुम्हाला होतं. हा तुमचा हट्ट होता की न्याय, हे मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. मी वेगळंच बोललो. म्हटलं, “इथे मेलात ना, तर मी पत्रक काढीन.”

“काढ,” तुम्ही डोळे मिटून म्हणालात. “शुद्धलेखन तपासून काढ.”

हे आपलं शेवटचं बोलणं. माणसं शेवटी काय काय बोलतात! मला म्हणायचं होतं की तुमच्या त्या पिवळ्या दिव्याखालच्या खोलीत मी पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकून घ्यायला शिकलो. म्हणायचं होतं की माझी आई तुम्हाला खिचडी पाठवते आहे, खा. खिचडीचा डबा माझ्या हातातच होता. तो तसाच परत नेला.

तुम्हाला स्मशानात पोहोचवलं तेव्हा गणपतदादाने खांदा दिला. जड उचलायचं नाही असं तुम्हीच त्याला बजावलं होतंत. मी म्हटलं, दादा, सोड. तो म्हणाला, “गप र्‍हा, दिन्या. बाय जड न्हाय.”

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. शोकसभेत हेच सांगणार होतो.

या तिमाहीचा तक्ता पाठवायची वेळ आली होती. तुम्ही दर वेळी भरून परदेशी पाठवत होतात तो. ऑपरेशनचा आकडा, जखमेचं काय झालं, पेशंटचं काय झालं, बस. मी थिएटरबाहेरच्या खोलीत गेलो. रजिस्टर उघडं होतं. तुमच्या नावापुढे मथुरा सिस्टरच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: ‘पोटातली गाठ काढली.’ जखमेच्या रकान्यात आडवी रेघ.

वर माझी लाल पाटी.

मी म्हटलं, “सिस्टर, हे काय?”

“काय म्हणजे? खोटं आहे का? गाठ होतीच.”

“पिशवी काढली. पू झाला. लिहा तसं.”

“दिनू, हळू बोल.” त्या रडत नव्हत्या, रागावल्या होत्या. “बाई कुमारिका होत्या. त्यांच्या नावापुढे पिशवी लिहू? उद्या कचेरीतले टोळभैरव वाचतील आणि दात काढतील. आणि पू? बाईंच्या अंगात पू झाला असं मी माझ्या हाताने लिहू? ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचा धुतला? गेलेल्या माणसाचं असलं लिहितात का कधी? तुमच्या घरात लिहाल?”

“आमच्या गणपतदादाचं बाईंनी लिहिलं.”

“गणपत जिवंत आहे.”

“आणि मेला असता तर? तर ‘गाठ’?”

त्या पाटीकडे बघून म्हणाल्या, “तुझ्याच हातची ना ही? मग काढ. बाई गेल्या. आता कुणासाठी लावून ठेवलीस?”

छोटे डॉक्टर दारात येऊन उभे होते. बिचारे तुमच्या मरणापासून कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. मथुरा सिस्टर त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “आणि या पोराचं काय? पहिलंच मोठं ऑपरेशन एकट्याने केलंय. जन्मभर याच्या नावाला चिकटेल. ड्रेसिंग मी केलंय. माझ्याही.”

तेव्हा मला कळलं, बाई. आपल्या हॉस्पिटलात ‘गाठ’ हा शब्द कामचुकारपणाने येत नव्हता. निदान नेहमी तरी नाही. तो मायेने येत होता. कुणाची अब्रू झाकायला, कुणाचा हात झाकायला, गेलेल्याला स्वच्छ पाठवायला. हे तुम्हाला ठाऊक होतं का? मला वाटतं, होतं. म्हणूनच तुम्ही पाटीवरचं उद्गारचिन्ह पुसायला लावलंत. मायेवर ओरडून भागत नाही.

मी ओरडलो नाही. पहिल्यांदाच.

बोलले ते छोटे डॉक्टर. अगदी हळू. “सिस्टर, पाठवायच्या तक्त्यात नाव नसतंच. ना बाईंचं, ना माझं, ना तुमचं. बाई म्हणायच्या ना, नंबर सुरीला.”

मथुरा सिस्टर उठल्या आणि बेसिनपाशी गेल्या. त्यांनी बांगडी वर सरकवली, साबण घेतला आणि कोपरापर्यंत हात धुतले. थिएटरमध्ये जाण्याआधी धुतात तसे, नखं, बोटांच्या फटी, मनगटं. तुम्ही त्यांना शिकवलं होतंत तसे. हात वर धरून वाळू दिले. परत टेबलाशी आल्या, रजिस्टरमधली ‘गाठ’ एका रेघेने खोडली आणि तिच्यावर लिहिलं, गर्भाशय काढलं. आधी पू नव्हता. नंतर झाला. मग तक्ता पुढे ओढला. “आकडा सांगा, डॉक्टर.”

छोट्या डॉक्टरांनी तुमच्या बाडातून आकडा वाचला. त्यांनी लिहिला. जखम: पू. पेशंट: मृत्यू.

तो तक्ता मी वाचला. तुमच्या वरच्या ओळीत कुणाचा तरी अंतर्गळ. खालच्या ओळीत लुमात गेलेलं कुणाचं तरी बोट, ज्याला अजून ‘इतर’ म्हणतात. मध्ये तुम्ही. परदेशातला कुणी डॉक्टर हा कागद उघडेल तेव्हा त्याला एक बाई दिसेल, कुठली तरी, भिवंडीची. ती सुरी धरायची हे त्याला कळणार नाही. ती चहात साखर जास्त घ्यायची, खोकल्यासारखं हसायची, लोकांची पत्रकं लाल पेन्सिलीने तपासायची, हे त्याला कोण सांगणार? मी तेव्हा म्हणत होतो की नंबराने माणूस पुसला जातो. बघा, पुसला गेला. तुम्ही म्हणाल, पुसला नाही रे, जोडला गेला, वरच्या अंतर्गळाशी आणि खालच्या बोटाशी. म्हणा. मला अजून पटत नाही. पण तो लिफाफा मी दुसऱ्या कुणाला दिला नाही. स्वतः पोस्टात जाऊन टाकला आणि पेटीत हात घालून आत नीट पडला का ते चाचपलं.

आणि आता दिवाळीची वाट बघणार नाही, हेही सांगून ठेवतो. तुमचे बाहेरचे आकडे येतील तेव्हा येतील. पत्रक छापून झालंय. मोर्चा नगरपालिकेवर जाणार, ते यंत्र मिळेपर्यंत पायऱ्यांवर बसणार. कोनची ती सासू येतेय, सुनेला घेऊन. गणपतदादा पुढे चालणार. मथुरा सिस्टर म्हणाल्या, ड्युटी संपली की बघते, म्हणजे येतील. पत्रकात ‘पूखाना’ वगैरे नाही. कुठलं ऑपरेशन, आधी पू होता की नव्हता, नंतर काय झालं, एवढंच आहे. तुमची ओळही आहे, बिननावाची. शुद्धलेखन तपासलंय. ‘निर्जंतुक’ मी दर वेळी चुकवायचो, या वेळी बरोबर आहे.

तुमच्या पाटीवरचा तो शब्द अख्ख्या पत्रकात कुठेही येऊ दिला नाही. फक्त इथे, तुमच्यापुढे, त्याच्या जुन्या साध्या अर्थाने एकदा लिहितो. तेवढं खोडू नका.

बाई, आपली गाठ आता पडायची नाही.